एकाच टाकीतली द्राक्षं



आज मी तुम्हाला एका वाइनची गोष्ट सांगणार आहे. हे ऐकून काहीजणींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडणारच. आपल्याकडं कितीतरी गावांत बायकांनी रांगा लावून मतदान केलं आणि बाटली आडवी केली. दारूनं घर कसं बसतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा वाइन प्या, असं सांगायला मी आलेले नाही. मी सांगणार आहे ती एका गावानं मिळून घेतलेल्या निर्णयाची गोष्ट. ती मला का सांगावीशी वाटली, ते आधी ऐका.

आमचा तेराजणींचा गट आहे. आम्ही सेंद्रिय हळद पिकवतो, एकत्र दळतो आणि एकाच नावानं विकतो. आम्ही पीजीएस या पद्धतीत आहोत. त्यात गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या रानात जाऊन पाहणी करायची असते, एकमेकांची हमी घ्यायची असते. गेल्या पावसाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. हळदीत तण माजलं होतं, खुरपायला बाई मिळेना. म्हणून आमच्या ह्यांनी चार सऱ्यांवर तणनाशक मारलं. परत आल्यावर मला कळलं आणि पोटात गोळाच आला. पण खरं सांगते, पहिला विचार काय आला? चार सऱ्यांनी काय होतंय? कुणाला कळणार आहे?

तेव्हा मला कोरेंस गाव आठवलं. त्याच्याबद्दल मी वाचलं होतं. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला प्रोव्हान्स नावाचा भाग आहे. तिथं आर्जांस नदीच्या काठी हे गाव वसलंय. वस्ती नऊशेच्या आसपास. गावाची शेती म्हणजे मुख्यतः द्राक्षाची बाग, आणि गावात शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखंच तिचं काम. सभासदानं द्राक्षं आणून घालायची, वजन व्हायचं, गोडी मोजायची, सगळ्यांच्या द्राक्षांची एकत्र वाइन व्हायची आणि माल विकेल तसे पैसे मिळायचे.

1990 नंतरच्या काळात त्यांच्या साध्या वाइनला चांगला भाव मिळेना. तेव्हा तिथले सरपंच मिकाएल लाट्झ यांनी सेंद्रिय शेतीचा विषय काढला. ते स्वतःही द्राक्षबागायतदार. 1997 साली गावातल्या द्राक्षवाल्यांनी मिळून सेंद्रियकडं वळायचं ठरवलं. आज फ्रान्समधलं पहिलं सेंद्रिय गाव म्हणून कोरेंस ओळखलं जातं.

आता यात अडचण कुठं होती, ते बघा. द्राक्षाची बाग सेंद्रिय म्हणून मान्य व्हायला तिकडच्या कायद्यानं तीन वर्षं लागतात. त्या तीन वर्षांत तणनाशक बंद, रासायनिक खत बंद. ओळींमधलं तण नांगरून, खणून काढायचं. मजुरी वाढते, उतारा घटू शकतो, आणि माल मात्र सेंद्रियच्या नावानं विकता येत नाही. म्हणजे कष्ट नव्या पद्धतीचे आणि भाव जुनाच. एकट्या शेतकऱ्याचा धीर इथंच सुटतो.

फवारणी अजिबात बंद असते, असं मात्र नाही. भुरीला गंधक चालतं, केवड्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण चालतं. पण तांब्यालाही मर्यादा आहे, कारण ते मातीत साठत जातं. शिवाय त्या भागात मिस्त्राल नावाचा कोरडा, जोराचा वारा सुटतो. पानं लवकर वाळतात, रोग कमी पडतो. आपल्याकडं फळछाटणीनंतर पाऊस लागला की बागवाल्याची झोप उडते. त्यामुळं त्यांचं सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू होणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

या सोसायटीच्या वाइनमध्ये ‘व्हालों सूर्न’ नावाची एक लाल वाइन आहे. गावाजवळच्या नदीच्या खोल घळीचं हे नाव, अर्थ होतो अंधारी घळ. लाल वाइन कशी होते, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तुमच्यातल्या कितीतरी जणी द्राक्षाच्या बागेत विरळणीला गेल्या असतील. काळं द्राक्ष चुरडलं तर आतला रस बहुधा पांढुरकाच निघतो. लाल रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट टाकीत ठेवतात. साली वर तरंगून येतात, खालचा रस उपसून पुन्हा त्यांच्यावर सोडतात. दिवसामागून दिवस सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरत जातो. द्राक्षं धुऊन घेत नाहीत, तशीच चुरडतात. आता सांगा, सालीवर जे फवारलं असेल, ते कुठं जाणार?

आणि टाकी सगळ्यांची एकच. एकानं चोरून औषध मारलं, तर त्याच्या पाट्या कुणाच्या पाट्यांत मिसळल्या, ते वेगळं काढता येत नाही. सगळ्या टाकीचं नाव जातं. सहकारात म्हणूनच सेंद्रिय हा एकट्याचा निर्णय राहत नाही.

आमची हळदही एकाच गिरणीत दळली जाते. चार सऱ्यांची हळद तेराजणींच्या पोत्यांत मिसळणार होती.

मी पुढच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं. एक-दोघी चिडल्या, आणि त्यांचं चिडणं खरं होतं. मग असं ठरलं की माझ्या त्या रानाची सगळी हळद बाजूला काढायची, साध्या भावानं बाजारात द्यायची आणि त्या रानाची सेंद्रियची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. माझं नुकसान झालं, घरात बोलणीही झाली. पण गटातून मला काढलं नाही.

त्याच बैठकीत आमच्यातली एक म्हातारी सभासद म्हणाली, “अगं, तिला खुरपायला बाई मिळत नव्हती, तेव्हा आपण बाराजणी कुठं होतो?” सगळ्या गप्प झाल्या. तेव्हापासून आम्ही सावड चालू केली आहे. जिच्या रानात तण वाढेल तिथं बाकीच्या अर्धा दिवस जातात. पुढं तीही त्यांच्याकडं जाते. नियम गटानं करायचा आणि खुरपं मात्र एकटीनंच चालवायचं, असं चालत नाही.

तुमचा गट हळद करत असेल, पापड करत असेल, नाहीतर मसाला. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्यातली कोण अडचणीत आहे, आणि नियम मोडायची पाळी तिच्यावर येण्याआधी आपण तिच्या रानात, तिच्या घरात कधी जाणार?

येते मी. नमस्कार.