आडनावाचं झालं क्रियापद

श्रोतेहो, परवा आमच्या वाड्यात दोन मुलांची कट्टी झाली. त्यातला एक ऐटीत म्हणाला, "आम्ही तुला बॉयकॉट केलंय!" त्याला काय ठाऊक, की बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव!

चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी. पीकपाणी बेताचं, म्हणून १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. याने उलट जमिनी सोडण्याच्या नोटिसा काढल्या. नुकतंच १९ सप्टेंबरला एनिसच्या सभेत पार्नेल या पुढाऱ्याने सांगितलं होतं, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्याशी कुणी बोलू नये, व्यवहार करू नये. लोकांनी तोच उपाय कारभाऱ्यावर केला. मजूर शेतातून निघून गेले, नोकरांनी घर सोडलं, दुकानदार माल देईनात. उभं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली, आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई! पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्च झाले, असं सांगतात. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

या प्रकाराला नाव काय द्यायचं? इंग्रजीतला जडजंबाल शब्द शेतकऱ्यांच्या जिभेवर बसेना. तेव्हा तिथल्या फादर ओमॅली यांनी सुचवलं, सरळ 'बॉयकॉट करणे' म्हणा. बघता बघता तो शब्द फ्रेंच, जर्मन भाषांतही गेला. बंगालच्या फाळणीनंतर, १९०५ साली, आपल्याकडेही तो गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' तो हाच.

पण मंडळी, बहिष्कार आपल्याला नवा थोडाच होता! आपल्याकडे 'वाळीत टाकणे' होतंच. रोटी-बेटी बंद, पाणवठा बंद, न्हावी-धोबी बंद. मेयोतल्या कुळांनी बलवानाविरुद्ध जे हत्यार उपसलं, ते इथे गावगाडा दुबळ्यावर चालवत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं, ते उगीच नव्हे.

जातपंचायतींचे बहिष्कार तर या शतकातही चालू राहिले. अखेर महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या इंग्रजी नावात शब्द आहे 'सोशल बॉयकॉट'. कुळांना जमिनीवरून हुसकावू पाहणाऱ्या त्या कारभाऱ्याचं आडनाव आज वाळीत टाकलेल्यांच्या फिर्यादीत लिहिलं जातं.