भिंत आधी, टीव्ही नंतर



चोपडा असो, अडावद असो की धानोरा, दिवाळीला नवा टीव्ही घरात आला की सोफ्यासमोरच्या भिंतीकडे बोट जातं आणि लगेच ड्रिल सुरू होतं. आज मला बोलायचं आहे ते ड्रिल सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल. टीव्ही कुठल्या कंपनीचा, हे आपण चार दुकानं फिरून ठरवतो. भिंत कशाची आहे, हे मात्र कुणी पाहत नाही.

आपल्या खानदेशात एकाच गल्लीत तीन तऱ्हेच्या भिंती भेटतात. धाब्याच्या घराची जाडजूड मातीची भिंत, पक्क्या विटांची भिंत, आणि नव्या बांधकामातली हलक्या ब्लॉकची, जिला गवंडी सिपोरेक्स म्हणतात. वरून सगळ्यांना सिमेंटचा गिलावा आणि रंग दिला की तिन्ही सारख्याच दिसतात. खरं काय ते सांगते ड्रिलमधून पडणारी भुकटी. सुरुवातीचा अर्धा-पाऊण इंच राखाडी भुकटी पडते, तो गिलावा. मग लाल पडली की वीट लागली. स्क्रूची पकड त्या विटेत हवी, नुसत्या गिलाव्यात नको. भुकटी पांढरट, पिठासारखी असेल तर तो ब्लॉक. त्याचे प्लग वेगळे मिळतात, तेच वापरा. आणि मातकट भुकटी पडली तर तिथेच थांबा. मातीत प्लग आज घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पावसाळ्यात भिंतीला ओल आली की माती त्याला सोडून देते.

धाब्याच्या घरात मात्र एक मोठी सोय आहे. तिथे धाब्याचा भार लाकडी खांबांवर असतो. जवळच्या दोन खांबांना एक जाड आडवी फळी बोल्टने आवळायची आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावायचं. गावातला सुतार हे काम सहज करील. खांबाला वाळवी लागलेली नाही ना, एवढं आधी टोचून बघा.

आता ब्रॅकेटविषयी. त्रेचाळीस इंची टीव्ही साधारण ८ ते १० किलोचा असतो. सपाट ब्रॅकेटवर तो भिंतीला चिकटून राहतो आणि वजन बहुतेक खालच्या दिशेने पडतं. पुढे ओढायच्या हाताच्या ब्रॅकेटचं गणित निराळं आहे. १० किलोचा टीव्ही ४० सेंटिमीटर बाहेर ओढला आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारी २० किलोची ओढ बसते. त्यात एखादं पोर लोंबकळलं तर? म्हणून असं ब्रॅकेट पक्क्या विटेवर किंवा काँक्रीटवरच लावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

भोक पाडण्याआधी विजेचा विचार करा. भिंतीतली वायर बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली गेलेली असते. बोर्डाच्या त्या रेषेत ड्रिल लावू नका. त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या. भारनियमनामुळे आपल्याकडे कितीतरी घरांत इन्व्हर्टर आहे, आणि मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट जिवंत राहतात. बसवायला आलेला भाऊ घाईत असला तरी इन्व्हर्टर बंद केल्याशिवाय त्याला भिंतीला हात लावू देऊ नका.

भिंत योग्य नसेल तर टीव्ही टेबलावर ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. टेबल बुटकं आणि रुंद बुडाचं घ्या. टीव्ही कडेपासून आत सरकवा आणि मागच्या स्क्रूच्या भोकांतून पट्टा घेऊन तो टेबलाला किंवा खांबाला बांधा. आणि टीव्हीच्या वर खेळणं, बिस्किटाचा पुडा, रिमोट असलं काही ठेवू नका; ते काढायलाच लहान मूल टेबलावर चढतं.