वाचकाचा अभिप्राय

काटोलच्या बाजारांतील संत्रीं दिसावयास कितीही सुरेख असोत, त्यांची गोडी चाखणाऱ्यालाच सांगतां येते. पुस्तकाचेंही तसेंच आहे. परंतु आपण पंडित नाहीं, या संकोचानें सामान्य वाचक मौन धरतो.

काशीबाई कानिटकरांनीं असें मौन धरलें असतें, तर त्यांत नवल नव्हतें. १८६१ सालीं जन्मलेल्या या बाईंचें लग्न नवव्या वर्षीं झालें. लिहिणें-वाचणें त्या सासरीं आल्यावर, घरच्यांचा रोष सोसून शिकल्या. तरीही हरि नारायण आपटे आपल्या लेखनाविषयीं त्यांचें मत आवर्जून घेत. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत येऊं लागली. तींत यमू स्वतःची कहाणी सांगते. माजघरांतील असें दुःख खरें उतरलें कीं नाहीं, हें तेथेंच आयुष्य काढलेल्या वाचकाइतकें कोणता टीकाकार सांगणार?

म्हणून पुस्तक मिटल्यावर 'छान आहे' एवढ्यावर थांबूं नये. डोळे कोठें पाणावले, कोठें पटलें नाहीं, कोणतें पान कंटाळवाणें वाटलें, हें घरच्या मंडळींस निःसंकोच सांगावें. त्यांतील एखाद्याचा हात त्याच पुस्तकाकडे वळला, तर सांगणें सार्थकीं लागलें.