चिअरलीडर : शब्दातला पुढारी कुठे गेला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मागच्या महिन्यात एका संयुक्त मोर्च्याच्या तयारीची बैठक होती. आपल्या बायकांनी घोषणा सुरू केल्या, तेव्हा व्यासपीठावरचे एक पदाधिकारी म्हणाले, "या आमच्या चिअरलीडर!" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

घरी येऊन मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात नोव्हेंबर १८९८ मध्ये जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या देववू लागला. 'चिअर' म्हणजे ती आरोळी आणि 'लीडर' म्हणजे तिचा पुढारी. सुरुवातीला हे काम पुरुषांचं होतं, मानाचं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर आणि धाकटे बुश विद्यार्थिदशेत चिअरलीडर होते! दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेले आणि त्यांच्या जागी मुली आल्या. १९७२ मध्ये डॅलसच्या व्यावसायिक संघानं तोकड्या कपड्यांतलं नृत्यपथक मैदानात आणलं, तेच चित्र जगभर गेलं. शब्द तोच राहिला, त्यातला पुढारी तेवढा गळाला. आज राजकारणात कुणाला चिअरलीडर म्हटलं, की अर्थ होतो दुसऱ्याची री ओढणारा.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २००८ च्या आयपीएलमुळे. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आलेली, त्यामुळे मंत्र्यांपासून सगळे अश्लीलतेवरच बोलत राहिले. त्याच हंगामात मोहालीत दोन कृष्णवर्णीय तरुणींनी, रंगामुळे आपल्याला मैदानावर येऊ दिलं नाही, अशी तक्रार केली होती. आपल्यापैकी किती जणींना ती आठवते? आणि त्यांच्या मजुरीचं तर आपणही विचारलं नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये रेडर्स संघाच्या चिअरलीडर कोर्टात गेल्या. सामन्यामागे १२५ डॉलर मिळायचे. तालमी आणि कार्यक्रमांचे तास धरले तर तासाला पाच डॉलरही पडत नव्हते. संघाला साडेबारा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदाच केला, की या बायका कर्मचारी आहेत, त्यांना किमान वेतन मिळालंच पाहिजे.

मोर्च्यात आपली एखादी पुढे होऊन घोषणा देते आणि मागून शेकडो आवाज उठतात, ते कॅम्पबेलचंच काम. म्हणून त्या पदाधिकाऱ्यांना मी पत्र लिहिलंय. चिअरलीडर म्हणालात, कबूल. मग मोर्च्याच्या मागण्या ठरवायच्या बैठकीलाही बोलवा, आणि बायकांचा प्रवासखर्च कोण देणार तेही कळवा.

उत्तर अजून आलेलं नाही.