मोटर जळाली, असं म्हणण्याआधी



मिक्सर बंद पडला की आपण तो दुकानात नेतो. दुकानदार तो उलटा करतो, वास घेतो आणि सांगतो, ‘मोटर जळाली, नवा घ्या.’ माझं म्हणणं एवढंच आहे, की हा निकाल तपासणीनंतर द्यायचा असतो.

आपल्याकडच्या मिक्सरची मोटर दणकट असते, त्याला कारण आहे. परदेशी मिक्सर आपली डाळ, ओलं खोबरं, कोरडी हळद पेलू शकत नव्हते. मुंबईत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी १९६०च्या दशकात हे हेरलं आणि भारतीय वाटणाला पुरेल एवढ्या ताकदीची मोटर घालून ‘सुमीत’ बाजारात आणला. त्या परंपरेतले जुने मिक्सर उघडता येतात, त्यांचे भाग सुटे होतात. म्हणून ते दुरुस्त करण्यात अर्थ आहे.

आता आत काय असतं ते पाहू. नेहमीच्या छताच्या पंख्यात इंडक्शन मोटर असते, मिक्सरमध्ये युनिव्हर्सल. बाहेर स्थिर फील्ड कॉइल, मध्ये फिरणारं आर्मेचर. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले दोन कार्बन. हे सगळं सिरीजमध्ये आहे. प्लगमधून आलेली वीज स्विच, ओव्हरलोड, फील्ड, कार्बन, आर्मेचर अशी एकाच वाटेने जाऊन परत येते. वाट एकच असल्यामुळे दोष शोधणं सोपं होतं.

आमच्या शेजारच्या काकूंचा मिक्सर घ्या. तीन नंबरवर व्यवस्थित चालायचा, एकवर ठेवला की गप्प. त्यांना आर्मेचर बदलायला सांगितलं होतं. जरा विचार करा. आर्मेचर तुटलं असतं, तर तीनवर तरी तो कसा फिरला असता? कार्बनचंही तेच. अशा मिक्सरमध्ये वेग बदलतो तो फील्ड कॉइलच्या टॅपिंगमुळे. एकवर कॉइलचे सगळे वेढे वाटेत येतात, तीनवर सर्वांत कमी. म्हणजे दोष दोनच ठिकाणी संभवत होता, स्विचच्या त्या पॉइंटच्या जोडणीत किंवा कॉइलच्या शेवटच्या भागात. मिक्सर उघडला, तर स्विचमधून त्या टॅपिंगकडे जाणाऱ्या वायरचं टोक काळं पडून डाग सुटला होता. नव्याने डाग दिला आणि काम झालं. आर्मेचरला हात लावायची गरजच पडली नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्लग काढा. तळाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण उडालंय का पाहा. बरेचदा तेवढंच असतं. मग भांडं काढून कपलर हाताने फिरवा. तो सहज फिरतो आणि भांड्याचं पातं मात्र अडकतं, तर दोष भांड्याच्या बुशमध्ये आहे. मसाल्याचं पाणी आत उतरून बुश धरतो, मोटर नुसती घुमते, तापते आणि ओव्हरलोड उडतो. अशा मोटरीला जळाली म्हणणं अन्याय आहे.

त्यानंतर कार्बन. ते झिजतात, झिजण्यासाठीच असतात. फार तोकडे झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, ठिणग्या वाढतात. कार्बन पुरेसा लांब असूनही पुडीने खाचेत अडकून बसतो, हेही पाहावं. मग कॉम्युटेटर. निरोगी कॉम्युटेटर सर्वत्र एकसारखा तपकिरी दिसतो. एखादीच पट्टी जळून काळी झाली असेल, किंवा चालताना ठिणग्यांचं कडं पूर्ण गोल फिरत असेल, तर आर्मेचरवर संशय घ्यावा. कार्बनजवळच्या बारीक निळसर ठिणग्यांना घाबरू नये. कॉम्युटेटर साफ करायचा तर बारीक काचपेपर वापरा. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून वीज वाहू शकते.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्याकडे सिरीज बल्ब लावून मोटर तपासतात. बल्ब लागला की वाइंडिंग चांगलं, असं मानतात. बल्ब फक्त वाट अखंड आहे एवढंच सांगतो. आतले वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असले, तरी तो लागतोच. त्यासाठी मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध एकेक करून मोजत कडंभर जावं. सगळे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. एखादा एकदम वाढला, तर तार तुटली. एकदम घटला, तर शॉर्ट. हे मोजून झाल्यावर ‘आर्मेचर गेलं’ म्हणणारा वाइंडर मिळाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

मात्र मिक्सरला हात लावल्यावर झटका बसत असेल, तर घरी काहीही उघडू नका. तो थेट जाणकाराकडे न्या. तिथे ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासतात. त्या तपासणीत तो उतरला नाही, तर वापरू नये, कितीही जुना आणि लाडका असला तरी.

बाकीच्यांसाठी माझी विनंती आहे. दुरुस्ती करून घ्या, पण दोष कुठे सापडला हे विचारा, मोजलेले आकडे विचारा आणि बदललेला भाग दुकानातून परत मागून घ्या.