एवढी पिशवी पोचवून दे



विमानप्रवासातल्या सामानावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअरवाली, विमानतळावर नोकरी केलेली नाही. पण प्रवास पुष्कळ झाला आणि त्यात माझ्याकडून एक चूक झाली. तिथूनच सुरुवात करते.

आपल्या भडगावात कुणी गावाला निघालं की दारात पिशव्या येतात. कजगावला गाडीत बसेपर्यंत "एवढं पोचवून दे" चालूच असतं. मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले, तेव्हा शेजारच्या काकूंनी मुलासाठी बिबड्यांचा डबा दिला, कापडात शिवून. विमानतळावर विचारलं, "सामान स्वतः भरलंत? कुणी काही दिलंय?" रांग मोठी होती. मी म्हटलं, "सगळं माझंच." सरळ खोटं बोलले. डबा सुखरूप पोचला आणि मी विसरले.

2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं दोहाच्या विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्या बाईंनी सहल भेट दिली आणि जर्दा म्हणून एक पुडकं सोबत दिलं. त्यात चार किलो चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली. 2021 मध्ये ती दोघं निर्दोष सुटली. ही बातमी वाचली आणि मला तो शिवलेला डबा आठवला.

यंत्राला नातं कळत नाही. क्ष-किरणाच्या पडद्यावर धातू निळे दिसतात, तर पीठ, साबण, बिबडे, चरस आणि बरीचशी स्फोटकं नारिंगी. म्हणून संशय आला की माणूस बॅग उघडतो. त्यात आपला अपमान नसतो.

बॅगेला लावतात त्या पट्टीवर दहा अंकी क्रमांक असतो. त्यावरून बॅग कुणाची, ते संगणकाला कळतं. मालक विमानात चढला नाही, तर बॅग उतरवतात. त्यापायी उशीर झाला की आपण कुरकुरतो. पण जून 1985 मध्ये व्हँकूव्हरला एका माणसानं हुज्जत घालून बॅग पुढच्या विमानासाठी नोंदवली आणि स्वतः चढलाच नाही. टोरांटोत क्ष-किरण यंत्र बंद पडलं होतं. ती बॅग दिल्लीमार्गे मुंबईला येणाऱ्या एअर इंडियाच्या 'कनिष्क'मध्ये गेली. 23 जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट झाला आणि 329 माणसं गेली.

पुढच्या वेळी काकूंना मी नाही म्हटलं. कारण नीट सांगितलं नाही. काकू वर्षभर बोलल्या नाहीत. चूक पुन्हा माझीच.

मागच्या दिवाळीत मात्र मी रिकामा डबा घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "काकू, दोघी मिळून भरू." एकेक बिबडा मोजून ठेवला. काकू म्हणाल्या, "आधीच सांगितलं असतं तर?" विमानतळावर विचारलं तेव्हा मीही खरं सांगितलं: शेजारणीचे बिबडे आहेत, माझ्यासमोर भरलेत. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि जाऊ दिलं.

तेव्हा मित्रांनो, पिशवी न्यायला नाही म्हणू नका. पण उघडून, समोर बसून भरा. बंद पुडकं सख्ख्याचं असलं तरी घेऊ नका. बॅगेत पॉवर बँक राहिली नाही ना, तेही बघा. ती पेट घेऊ शकते, म्हणून जवळच्या पिशवीतच ठेवायची असते. आणि विचारलं की खरं सांगा. हे शेवटचं तर याच शाळेत शिकवलं होतं, मीच विसरले होते.