उद्बोधन कोणाचे आणि कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून-जुलै उजाडला की धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांसाठी उद्बोधन शिबिरे भरतात. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, संस्थेच्या प्रगतीचा आढावा वाचला जातो आणि आभारप्रदर्शनाबरोबर शिबिर संपते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो विद्यार्थी मागच्या बाकावर बसून गावाकडे जाणाऱ्या एसटीची वेळ मोजत असतो. समारंभ पार पडतो. उद्बोधन राहून जाते.

वास्तविक या बाबतीत सरकारी पातळीवर विचार झालेलाच नाही असे नाही. अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशकालीन कार्यक्रम २०१७ मध्ये ठरवण्यात आला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने सर्वच उच्च शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शिका काढली. विद्यार्थ्यांचे लहान गट करावेत, प्रत्येक गटाला एक प्राध्यापक द्यावा, नव्या-जुन्या विद्यार्थ्यांचा स्नेह जुळवावा, ही तिची दिशा योग्यच आहे. परंतु या कल्पनेची जडणघडण मुख्यतः आयआयटीसारख्या निवासी संस्थांच्या अनुभवावर झालेली आहे. तेथे विद्यार्थी चोवीस तास आवारात असतो. भूम किंवा लोहारा तालुक्यातील विद्यार्थी सकाळी एसटीने येतो, दुपारी परततो आणि उरलेल्या वेळेत शेतात किंवा दुकानात काम करतो. निवासी संस्थेचा अंगरखा त्याच्या अंगावर चढवला तर तो बसणार कसा?

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागेल. शिबिराला शुल्क नाही म्हणून ते फुकट होत नाही. शेतमजुराच्या मुलाला शिबिराचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी, बसभाडे आणि बाहेरचे जेवण. हा खर्च करून त्याच्या पदरात केवळ भाषणे पडली, तर दुसऱ्या दिवशी तो आला नाही याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

आता ओळखीच्या खेळांकडे वळू. त्यांना हल्ली ‘आइसब्रेकर’ म्हणतात. उभे राहून स्वतःचे नाव, छंद, पाहिलेली पर्यटनस्थळे, जमल्यास इंग्रजीतून, सांगायची असा त्यांचा सर्वसाधारण घाट असतो. ज्याच्या घरात छंद नावाची चीजच कधी शिरली नाही, ज्याचा प्रवास आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडापर्यंतच झाला, त्याने काय सांगावे? संकोच मोडण्यासाठी योजलेला खेळ त्याचा संकोच अधिकच घट्ट करतो. शिवाय आपल्या समाजात आडनाव विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणेच असते. परिचयाचा विधी निरुपद्रवी असतोच असे नाही, याचा धडा रॅगिंगने दिलेला आहे. त्या छळाची सुरुवातही ‘जरा ओळख करून दे’ अशीच होत असे. म्हणून १९९९ मध्ये महाराष्ट्राला रॅगिंगबंदीचा कायदा करावा लागला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हा कायदा आणि तक्रार नेमकी कोठे करायची, हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

मग शिबिरात असावे तरी काय? पहिली गोष्ट, कागदपत्रे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची खरी धास्ती महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची असते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, हे अनेकांना मुदत टळल्यावर कळते. चार-चार मुलांच्या गटाने एकमेकांचे अर्ज तपासावेत. यासारखा ओळखीचा दुसरा खेळ नाही. एकाची अडचण दुसऱ्याने सोडवली की मैत्री जुळते आणि त्यासाठी छंद सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, विषयांची निवड. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द अठरा वर्षांच्या मुलावर एकदम येऊन आदळतात. माहितीवाचून दिलेली निवड ही निवड नव्हेच. शेजारच्याने घेतला तो विषय घेणे, एवढाच तिचा अर्थ उरतो.

तिसरी गोष्ट, इतिहास. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ पासून धाराशिवमध्ये आहे. आपल्या पदवीवर छापलेल्या नावासाठी कोणी काय सोसले हे ठाऊक नसलेला पदवीधर शिकला असे कसे म्हणावे?

चौथी गोष्ट, मुली. प्रसाधनगृह, वसतिगृह, परतीची बस आणि २०१३ च्या कायद्यानुसार नेमायची अंतर्गत तक्रार समिती या चार गोष्टींची माहिती शंभर स्वागतगीतांहून मोलाची आहे.

आणि शेवटची गोष्ट, वेळ. शिबिर सकाळच्या बसनंतर सुरू व्हावे, दुपारच्या बसपूर्वी संपावे, मध्ये सर्वांनी एका पंगतीत जेवावे. सेवा दलाच्या शिबिरांनी १९४१ पासून हेच शिकवले की माणसे भाषणांपेक्षा एकत्र जेवणाने आणि श्रमाने लवकर जवळ येतात. मात्र एका शिबिराने भागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो, कळंब, वाशी, भूम भागांतील कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि वर्गातील बाके रिकामी होऊ लागतात. शिक्षण सुटते ते या दिवसांत, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. म्हणून दुसरे शिबिर दसऱ्यानंतर भरले पाहिजे, आणि त्याची सुरुवात गैरहजर मुलांच्या यादीने झाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी येत्या प्रवेशाच्या हंगामात आपापल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांची भेट घ्यावी, अर्ज भरण्यासाठी दोन टेबले आणि चार जाणती मुले द्यावीत. हारतुऱ्यांच्या खर्चातून त्या दिवशीची पंगत उठू शकते, हेही नम्रपणे सुचवावे. काम लहान दिसते, पण घरातून कॉलेजात आलेल्या पहिल्याच मुलीचे दुसरे वर्ष या कामावर अवलंबून असते.